सासूबाईंची पोथी, मुलीचा प्रश्न आणि ‘हे खरेच घडले होते का?’

प्रिय वाचक भगिनी,

विलेपार्ल्याहून आलेले तुमचे सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा आधी देतो. सासूबाईंची दृष्टी अधू झाल्यापासून चातुर्मासात रोज दिवेलागणीनंतर तुम्ही त्यांना श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’ वाचून दाखवता आणि तुमची तेरा वर्षांची मुलगी आजीला टेकून ऐकायला बसते. मध्यंतरी तिच्या शाळेची सहल वाळकेश्वरला बाणगंगेवर गेली. हा तलाव ११२७ साली शिलाहारांच्या दरबारातले लक्ष्मण प्रभू यांनी बांधला, अशी तिथे मिळालेली माहिती तिने वहीत टिपून घेतली. आजीने मात्र तिला लहानपणापासून सांगितले होते की सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तिथे तहान लागली, बाण मारताच पाताळातली गंगा वर आली, आणि वाळूचे लिंग करून त्याने शंकराची पूजा केली. त्या संध्याकाळी पोथी चालू असतानाच तिने विचारले, “आजी, मग खरे काय?” तुमच्या यजमानांनी आतल्या खोलीतून सांगून टाकले की हे सगळे काल्पनिक असते. ठाण्याच्या दिरांना ही हकिकत कळताच त्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संगणकाने काढलेली रामजन्माची तारीख पाठवली, १० जानेवारी इ.स.पू. ५११४, आणि खाली लिहिले की आता वाद मिटला. वाद अर्थातच मिटला नाही. सासूबाईंनी पोथी फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली ठेवली, ती अजून सोडलेली नाही. “मी मधल्या मध्ये सापडले आहे,” असे तुम्ही लिहिता. “मला स्वतःला यातले काय खरे वाटते तेही सांगता येत नाही. मी रोज आईंना खोटे वाचून दाखवत होते का? आणि मुलीने आजीपुढे असले प्रश्न विचारू नयेत, असे तिला सांगू का?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: तसे मुळीच सांगू नका. त्याची कारणे ओघात येतीलच. पहिल्या प्रश्नाचे उत्तरही माझ्या मते ‘नाही’ असेच आहे, पण ते नुसते सांगून भागणार नाही. कारण तुमच्या घरात प्रत्येकाचे मत वेगळे असले तरी सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की कथा एक तर जशीच्या तशी घडलेली असते किंवा ती सपशेल बनावट असते. सगळ्या कथांना, आणि एकाच कथेतल्या सगळ्या वाक्यांना, हा एकच गज लावून मोजण्याची रीत आपल्या जुन्या भाष्यकारांची नव्हती.

सासूबाईंना कदाचित असे वाटले असेल की नातीचा प्रश्न शाळेतून किंवा मोबाइलमधून घरात शिरला आहे. तो त्याहून फार जुना आहे. वेदांतल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या यास्काचार्यांचे ‘निरुक्त’ सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. ऋग्वेदात इंद्राने वृत्राला मारून पाणी मोकळे केल्याची कथा पुन्हा पुन्हा येते. तिच्याविषयी यास्क सरळ विचारतात, हा वृत्र कोण? आणि उत्तरादाखल दोन मते शेजारी शेजारी ठेवतात: “मेघ इति नैरुक्ताः। त्वाष्ट्रोऽसुर इत्यैतिहासिकाः।” निरुक्तकार म्हणतात की वृत्र म्हणजे ढग, आणि ऐतिहासिक, म्हणजे कथेला घडलेली हकिकत मानणारे, म्हणतात की तो त्वष्ट्याचा पुत्र असलेला असुर. यास्क स्वतः पहिल्या बाजूचे. पाणी आणि तेज यांच्या मिश्रणातून पाऊस पडतो आणि युद्धाची वर्णने तिथे उपमेच्या अर्थाने येतात, असे ते पुढे लिहितात. तरीही त्यांनी दुसऱ्या पक्षाला नास्तिक ठरवले नाही आणि त्यांना स्वतःलाही पुढे कोणी परंपरेबाहेर काढले नाही. त्यांचे निरुक्त वेदांच्या सहा अंगांमध्येच गणले जाते. तुमच्या मुलीने जे विचारले ते वेदांगात बसणारे आहे, एवढे सासूबाईंना जरूर सांगा. मला वाटते, निम्मे काम तेवढ्यानेच होईल.

मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे नियम करणाऱ्या पंडितांनी, तर या कामासाठी एक चाळणीच तयार केली. त्यांचे म्हणणे असे की वेदाचा गाभा म्हणजे विधी, म्हणजे काय करावे आणि काय करू नये. त्याभोवती ज्या स्तुती, निंदा आणि कथा येतात त्यांना अर्थवाद म्हणावे. अर्थवादाचे त्यांनी तीन प्रकार पाडले. जे वाक्य आपल्या इतर ज्ञानाशी उघड विसंगत आहे त्याला गुणवाद म्हणायचे. “आदित्यो यूपः”, म्हणजे यज्ञातला खांब हा सूर्य आहे, असे म्हटलेले असले की खांब सूर्य नसतो हे डोळ्यांनीच दिसते, तेव्हा त्याचे तेज वर्णिले आहे असे समजायचे. जे आधीच सर्वांना ठाऊक आहे ते सांगणारे वाक्य म्हणजे अनुवाद. अग्नी हे थंडीवरचे औषध आहे, हे त्याचे उदाहरण. आणि जे कशाशी विसंगतही नाही आणि दुसऱ्या मार्गाने कळण्यासारखेही नाही ते भूतार्थवाद. इंद्राने वृत्रावर वज्र उगारले, हे मीमांसक त्या खणात टाकतात. हे नियम त्यांनी वैदिक वाक्यांसाठी केले, पुराणकथांसाठी नव्हे, हे मान्य करूनच मी ते उसने घेतो आहे. आता आजीची बाणगंगेची कथा या चाळणीतून काढून पाहा. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तिथे गोड्या पाण्याचा झरा आहे, हे जाऊन पाहता येते. बाण लागून गंगा वर आली, हे अनुभवाशी जुळत नाही. तिथे खाऱ्या किनाऱ्यावर गोडे पाणी पाहून माणसाला वाटलेले आश्चर्य बोलते आहे. आणि राम या वाटेने गेला होता का, हे आज ना सिद्ध करता येते, ना खोडून काढता येते. एकाच छोट्याशा कथेत तिन्ही प्रकारची वाक्ये निघाली. तिला ‘खरी’ किंवा ‘खोटी’ असा एक शिक्का मारायचा तर तो नेमका कोणत्या वाक्यावर मारायचा?

आणि ११२७ चे काय? तलाव कोणी कधी बांधला आणि झरा कुठून आला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घाटाचे दगड शिलाहारांच्या काळात रचले गेले असतील, तरी ते तिथेच का रचावेसे वाटले याचे उत्तर झऱ्यात आणि त्याच्या कथेत आहे. (काही जण बाण लक्ष्मणाने मारला असे सांगतात आणि बांधणाऱ्याचे नावही लक्ष्मण, यावरून एखादा उत्साही माणूस सिद्धांत उभारील, तुम्ही त्या फंदात पडू नका.) मुलीला सांगता येईल की तुझ्या वहीतली नोंद आणि आजीची कथा एकाच तलावाच्या दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलतात. तेरा वर्षांच्या मुलीला हे समजते. तिला न समजणारी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रश्न विचारताच मोठी माणसे गप्प का होतात.

आता दिरांच्या तारखेकडे वळतो, आणि इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण असल्या तारखा आज घरोघरी फिरत आहेत आणि त्यांच्यापुढे भलेभले गप्प बसतात. ती तारीख वाल्मीकि रामायणाच्या बालकांडातल्या रामजन्माच्या श्लोकांवरून काढलेली आहे. चैत्र शुद्ध नवमी, पुनर्वसू नक्षत्र, कर्क लग्न (म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास कर्क), गुरू आणि चंद्र एकत्र, पाच ग्रह आपापल्या उच्च स्थानी, असे ते वर्णन आहे. ही स्थिती आकाशदर्शनाच्या संगणकप्रणालीत भरली की प्रणाली मागे मागे जाऊन एक दिवस काढून देते. यंत्र हिशोब चुकत नाही, हे खरे आहे. पण यंत्राला जे दिले ते काय होते, हा प्रश्न उरतोच. श्लोकात पाच ग्रह उच्चीचे म्हटले आहे, ते कोणते हे सांगितलेले नाही. ती नावे टीकाकारांनी भरली. वेदांग ज्योतिष या जुन्या ज्योतिषग्रंथात आकाश नक्षत्रांनी मोजले आहे, तिथे बारा राशींचे लग्न नाही. राशी आणि लग्न यांची पद्धत आपल्याकडे ग्रीकांशी संबंध आल्यानंतर, म्हणजे इसवी सनाच्या आगेमागे, रुळली असे ज्योतिषाच्या इतिहासाचे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या श्लोकात ‘कर्क लग्न’ आहे तो सात हजार वर्षांपूर्वी आकाशाकडे पाहून कोणी टिपून ठेवलेला असणे अवघड आहे. पाच ग्रह उच्चीचे असलेली कुंडली म्हणजे ज्योतिषाच्या भाषेत लोकोत्तर पुरुषाची कुंडली. कवीला आपल्या नायकाविषयी जे म्हणायचे होते ते त्याने ग्रहांच्या भाषेत म्हटले. त्या वंदनाचा जन्मदाखला करण्यात कवीचाही मान राहत नाही, असे मला वाटते.

महाभारताच्या बाबतीत हा खेळ आणखी स्पष्ट दिसतो. युद्धाचे साल पुण्याच्या प. वि. वर्तकांनी इ.स.पू. ५५६१ काढले, नरहरी आचार यांनी ३०६७ काढले, कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ धरणारी जुनी परंपरा आहेच, आणि ऐहोळे येथील चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या ६३४ सालच्या शिलालेखात कवी रविकीर्तीने भारतयुद्धानंतर ३७३५ वर्षे लोटल्याचे लिहिले आहे ते तिच्याशी जुळते. ग्रंथ तोच, आकाशही तेच, आणि उत्तरांत अडीच हजार वर्षांची तफावत. याचे एक कारण भीष्मपर्वाच्या आरंभी सापडते. व्यास तिथे धृतराष्ट्राला युद्धापूर्वीचे अपशकुन सांगतात. शनी रोहिणीला पीडा देतो आहे, अरुंधतीने वसिष्ठाला मागे टाकले आहे, अशी वाक्ये त्यात आहेत, आणि त्याच ओघात “खरा गोषु प्रजायन्ते” असेही आहे, म्हणजे गाईंच्या पोटी गाढवे जन्माला येत आहेत. तारखा काढणारी मंडळी यादीतले ग्रह उचलतात आणि गाढवे तिथेच सोडून देतात. संपूर्ण प्रकरण एका दमात वाचले की कळते, ती जग उलटेपालटे झाल्याची यादी आहे.

तारखेची ही हौस फक्त आपलीच आहे असेही समजू नका. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५० साली बायबलातल्या वंशावळ्यांची बेरीज करून सृष्टीची उत्पत्ती इ.स.पू. ४००४ मध्ये झाली असे जाहीर केले. त्याच्या बाराशे वर्षे आधी संत ऑगस्टीन लिहून गेले होते की उत्पत्तीच्या कथेतले सहा दिवस हे आपले नेहमीचे दिवस मानण्याचे कारण नाही. वांद्र्याच्या एखाद्या ख्रिस्ती घरात आज हाच वाद चालू असेल तर मला नवल वाटणार नाही.

यजमानांविषयी लिहायला मला अधिक संकोच वाटतो, कारण त्यांचे मत बुद्धीला धरून आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. पण ‘सगळे काल्पनिक’ हेही पुराव्याशिवाय केलेले विधान आहे. १९५० ते १९५२ या काळात ब्रजबासी लाल यांनी हस्तिनापूरला उत्खनन केले. तिथे राखाडी रंगाच्या चित्रित भांड्यांच्या थरावर गंगेच्या मोठ्या पुराच्या खुणा मिळाल्या, आणि त्यानंतर वस्ती काही काळ उठलेली दिसली. पुराणांत असे आहे की परीक्षितानंतर काही पिढ्यांनी, निचक्षू राजाच्या काळात, गंगेने हस्तिनापूर वाहून नेले आणि राजधानी कौशाम्बीला हलली. लालांनी या दोहोंचा सांधा जोडला. तो सर्वांनी मानला असे नाही, आणि मानला तरी त्यावरून कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य लढले हे सिद्ध होत नाही. परंतु पुराणातल्या एका कोरड्या वाक्याचा माग जमिनीत लागू शकतो, एवढे त्यातून दिसते. तुकोबांच्या वह्यांचे उदाहरण आणखी वेगळे आहे. तुकाराम महाराज सतराव्या शतकातले, १६५० च्या सुमाराला गेलेले. वह्या पाण्यात राखल्याबद्दल विठ्ठलाचे उपकार मानणारे अभंग त्यांच्या गाथेतच आहेत. वह्यांचे काय झाले याविषयी कोणी काहीही मानो, पण ज्याची हकिकत त्याच्याच तोंडून निघालेले शब्द हाताशी असणे आणि कित्येक शतके तोंडी चालत आलेली कथा असणे यांत फरक करायला नको का? ‘काल्पनिक’ या शब्दाने हे सगळे फरक एकदम पुसले जातात. यजमानांनी हवे तर शंका घ्यावी. ती एकेका गोष्टीची वेगळी घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.

तुम्ही पत्रात ओझरते विचारले आहे की “हे सगळे प्रतीकात्मक आहे” असे सांगून मोकळे व्हावे का. सुशिक्षित घरांत हा तोडगा लोकप्रिय आहे, आणि त्याला मोठ्यांचा आधारही आहे. गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’च्या प्रस्तावनेत लिहिले की गीता हा इतिहासग्रंथ नसून तिच्यातले युद्ध माणसाच्या हृदयात चालणारे आहे, असे त्यांना पहिल्या वाचनापासूनच जाणवले. त्यांच्या तोंडी हे शोभते, कारण त्या युद्धाची किंमत त्यांनी स्वतःच्या जगण्यात मोजली. आपण मात्र पुष्कळदा सुटका करून घेण्यासाठी ‘प्रतीक’ म्हणतो. रावणाची दहा तोंडे म्हणजे दहा विकार, एवढे सांगितले की मूल मान डोलावते आणि विसरून जाते. सीता म्हणजे जीवात्मा असे एकदा ठरवले की तिला अग्नीत उभे राहावे लागले याचे दुःख कोणालाच वाटायला नको, आणि तप केले म्हणून रामाने मारलेल्या शूद्र शंबूकाची कथा म्हणजे कशाचे तरी रूपक असे म्हटले की जे तप करण्याचा हक्क नाकारलेल्यांच्या घरांत जन्मले त्यांच्या रागाला उत्तर द्यायला नको. ज्या कथेने शतकानुशतके माणसांच्या वागण्याला वळण लावले ती प्रतीक असली तरी तिचा जाब विचारता येतो. म्हणून ‘प्रतीक’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो चर्चेची सुरुवात म्हणून वापरा. चर्चा मिटवण्यासाठी तो वापरू नका.

याच संदर्भात शंकराचार्यांचे एक वाक्य तुमच्या उपयोगाचे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात ते म्हणतात की अग्नी थंड आहे किंवा तो उजेड देत नाही असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी त्याला प्रामाण्य येत नाही. वेदाला सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या आचार्यांचे हे शब्द आहेत. बाणाने गंगा कशी काय वर येईल, असे म्हणणारी तुमची मुलगी याच वाटेवर उभी आहे.

पोथीत नंतर भर पडते, हे कबूल करण्यातही अश्रद्धा नाही. एकनाथ महाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावले की यापुढे जो कोणी आपली ओवी यात घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे. हे काम त्यांनी “अत्यादरी” केले असे ते स्वतःच सांगतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा विष्णू सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा त्या आवृत्तीत परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मुख्य संहितेत राहिला नाही. वस्त्रामागून वस्त्र येत राहते, पण ते कोण पुरवतो हे तिथे सांगितलेले नाही. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही, हे तर आज शाळकरी मुलांनाही माहितीच्या जाळ्यात सापडते. तुमच्या मुलीला ते कुठून तरी अर्धवट कळण्याआधी तुमच्याकडून कळलेले बरे. कळल्यावर ती कदाचित विचारील की मग ही रेषा कोणी आणि का आखली. त्या प्रश्नावर तुम्ही, ती आणि आजी अशा तीन पिढ्यांच्या बायका बोलू लागलात तर मला त्या खोलीत एका कोपऱ्यात बसायला आवडेल.

श्रीधरस्वामींनी ‘रामविजय’ शके १६२५ मध्ये, म्हणजे १७०३ साली पुरा केला. समोर श्रोते बसले आहेत, त्यांना हसवायचे, रडवायचे आणि शेवटी नामस्मरणाकडे न्यायचे, हे धरून त्यांची प्रत्येक ओवी चालते. अशा ग्रंथातल्या ओव्या मोठ्याने वाचणे म्हणजे कोणाची साक्ष देणे नव्हे. त्यामुळे “मी खोटे वाचत होते का” या प्रश्नाचा भार तुम्ही उतरवून ठेवा. तुम्ही एका अधू दृष्टीच्या बाईंना त्यांच्या लहानपणापासून ओळखीच्या असलेल्या ओव्या ऐकवत होता, आणि त्या ऐकताना त्यांना जे मिळते ते रामजन्माचे साल ठरण्यावर कधीच अवलंबून नव्हते. तुम्हाला स्वतःला काय वाटते ते आज ठरत नसेल तर ठरवू नका. एक पथ्य मात्र पाळा: जे तुम्हाला पटत नाही ते आईंना बरे वाटावे म्हणून मुलीला ठासून सांगू नका. “मला माहीत नाही, पण मला ही कथा आवडते” हे वाक्य मुलांना चांगले कळते.

मुलीसाठी आणखी एक सुचवतो. एखाद्या सकाळी आजीला घेऊन महालक्ष्मीला जा. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून आत शिरणारा समुद्र अडवण्यासाठी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या वेळी, बांध घालण्यात आला. कथा अशी की बांध पुन्हा पुन्हा ढासळू लागला, तेव्हा कामावरच्या रामजी शिवजी या प्रभू गृहस्थांच्या स्वप्नात देवी आली आणि तिने आपल्या मूर्ती समुद्रात असल्याचे सांगितले. त्या काढून मंदिरात बसवल्यावर बांध टिकला. गाभाऱ्यात महालक्ष्मी, महाकाली आणि महासरस्वती अशा तीन मूर्ती आहेत. दर्शन झाल्यावर मुलीलाच विचारा की यातले काय आपण पायाखाली आणि डोळ्यांपुढे पाहू शकतो, काय कागदपत्रांत शोधावे लागेल, आणि कशाची साक्ष एकट्या रामजींपाशीच होती. बांध आजही तिथे आहे, त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. स्वप्नाचा पंचनामा करता येत नाही. पण लाटांनी रोज काम वाहून नेलेल्या माणसाला असे स्वप्न पडू शकते, हे तिला पटेल असे वाटते. आजीला यातून काही कमी झाल्यासारखे वाटणार नाही, कारण देवीपुढे हात जोडून झाल्यावरच हे बोलणे होईल.

आता घरातल्या व्यवस्थेविषयी. पोथी पुन्हा सुरू करण्याची विनंती सासूबाईंना तुम्ही करू नका. ती नातीला करू द्या, आणि पहिला अध्याय तिलाच वाचू द्या. जुन्या मराठीतल्या शब्दांवर ती अडखळेल, आजी ते सुधारतील, आणि ग्रुपवरच्या कुठल्याही खुलाशापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. अध्याय पूर्ण होऊन आरती होईपर्यंत कोणी मध्ये बोलायचे नाही, आणि त्यानंतर कोणीही काहीही विचारावे, असा नियम घाला. तो यजमानांनाही लागू राहील. त्यांना ऐकायचे नसेल तर त्यांनी त्या वेळात भाजी आणावी, पण आतल्या खोलीतून निकाल देऊ नयेत. ग्रंथाचे चाळीस अध्याय आहेत. शेवटाकडे सीतात्याग येईल. तो गाळू नका. त्या दिवशी मुलगी रामावर चिडली तर तिला चिडू द्या, आणि सासूबाई काय म्हणतात ते लक्ष देऊन ऐका. बायका त्या प्रसंगाविषयी पिढ्यानपिढ्या जात्यावर जे गात आल्या ते पोथीहून पुष्कळ तिखट आहे, आणि सासूबाईंना त्यातल्या ओव्या ठाऊक असण्याचा संभव आहे.

दिरांना ग्रुपवर उत्तर देऊ नका. दिवाळीला ते घरी येतील तेव्हा बालकांडातले ते श्लोक काढून त्यांच्यापुढे ठेवा आणि पाच उच्चीचे ग्रह कोणते ते श्लोकातच शोधून दाखवायला सांगा. मुलीला शेजारी बसवा.